नेमके कुठे दुखते?

दिवाळी अंकातला मजकूर चकलीसारखा खुसखुशीत असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. वर्षभर या सदरात मी शब्दांच्या आणि म्हणींच्या गमतीजमती सांगत आले, तेव्हा याही खेपेस वाचकांची तीच अपेक्षा असणार. आजचा विषयही शब्दाचाच आहे. फरक एवढाच की हा शब्द आपल्याजवळ नाही. फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचायचे की कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या जुन्या काव्यात नखशिखान्त वर्णनाची मोठी परंपरा. पंडित कवी नायिकेच्या पायाच्या नखापासून निघतो तो वेणीच्या टोकापर्यंत जाऊन पोचतो. वाटेत घोटे येतात, पोटऱ्या येतात, नाभी येते, पोटावरच्या तीन वळ्या येतात. शाहीर तर याहून धीट. इतक्या बारकाईने ज्या देहाची पाहणी झाली, त्यातला एक भाग मात्र असा आहे की सभ्य घरात चारचौघांत त्याचे नाव घ्यायची सोय नाही. संस्कृत शब्द वैद्यकाच्या पुस्तकात राहिले, रांगडे शब्द शिव्यांत गेले, आणि बाईच्या वाट्याला उरला एकच शब्द: ‘खाली’. खाली दुखते. खाली आग होते. आता ‘खाली’ म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत काहीही असू शकते. ओटीपोट असेल, लघवीची जागा असेल, मांडीची शीर असेल. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावे, आणि ऐकणारा बहुधा चुकीचेच समजतो.

हे सारे सुचायला कारण झाली माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. पालघरचे माहेर, बोईसरचे सासर, नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला. लग्नाला चार वर्षे झालेली. वर्गात निबंध खणखणीत वाचून दाखवणारी ही मुलगी. पण त्या दिवशी माझ्यासमोर बसून तिला एक सरळ वाक्य जुळवता येईना. बसली होती तीही खुर्चीच्या कडेला, एका अंगावर.

थांबत थांबत तिने सांगितले ते असे. योनीच्या तोंडाशी, अगदी बाहेरच्या भागात, स्पर्श झाला की सुरी फिरवल्यासारखी वेदना होते. स्टेशनवरून घरी येताना शेअर रिक्षा खड्ड्यात आदळली की डोळ्यांत पाणी येते, म्हणून ती पायी जाते. जीन्सची पँट कपाटात पडून आहे. नवराबायकोचे एकत्र येणे पहिल्या रात्रीपासूनच असह्य. पहिले वर्ष ‘नवीन लग्न आहे, होतं असं’ या वाक्यावर गेले. दुसरे वर्ष बुरशीच्या औषधांवर. एक मलम संपले की दुसरे. तिसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितले की मूल झाले म्हणजे आपोआप थांबेल. मूल कसे व्हायचे, हे सांगणाराने सांगितले नाही.

अखेर मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी नीट तपासले. ओल्या कापसाच्या बोळ्याने, घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे मोजावेत तसे, एकेका ठिकाणी अलगद स्पर्श करून विचारले: इथे दुखते? इथे? चार ते आठ या आकड्यांच्या पट्ट्यात ती किंचाळली. बाकी कुठेही नाही. चार वर्षांत ‘नेमके कुठे’ हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

दुखण्याला नाव आहे: व्हल्व्होडिनिया. बाह्य जननेंद्रियाची वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि तपासूनही जंतू, त्वचेचा रोग, गाठ, मधुमेहामुळे होणारी बुरशी असे काही कारण सापडले नाही, म्हणजे हे नाव देतात. दुखणे आजचे नाही. न्यूयॉर्कचे डॉ. गेलार्ड थॉमस यांनी १८८० सालीच आपल्या ग्रंथात या भागाच्या अतिसंवेदनशीलतेचे वर्णन केले होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे वैद्यक ते विसरल्यासारखेच झाले. १९८७ मध्ये डॉ. फ्रीडरिक या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने त्याची लक्षणे पुन्हा पक्की मांडली, तेव्हा कुठे ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांचा आवाज जरा उतरला. २००३ साली बॉस्टन परिसरातल्या सुमारे ४९०० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ १६ टक्के बायकांना आयुष्यात कधी ना कधी तीन महिन्यांहून अधिक काळ अशी वेदना झालेली होती, आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांच्या आसपास बायकांनी डॉक्टरांची पायरीच चढली नव्हती. ही गोष्ट अमेरिकेतली, जिथे बायका फार मोकळेपणाने बोलतात असे आपण ऐकतो!

आपल्याकडची हकिगत आपल्याच माणसांनी सांगून ठेवली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरांतल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता. पूर्वी कधी स्त्रीरोगांची तपासणी झालेल्या फक्त ८ निघाल्या. त्या अभ्यासात या विशिष्ट वेदनेचा शोध घेतलेला नव्हता, हे खरे. पण बाई बोलत नाही याचा अर्थ तिला दुखत नाही असा होत नाही, एवढे त्याने कायमचे सिद्ध केले. राणीताईंचे ‘कानोसा’ हे पुस्तक मी मराठीच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगते. बायका आपल्या देहाविषयी कोणत्या शब्दांत बोलतात हे त्यातून जितके कळते तितके व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही.

तर ती मुलगी माझ्याकडे औषध विचारायला आली नव्हती. ते मला कुठून ठाऊक असणार? तिचे काम वेगळेच होते. डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेचा पर्याय सांगितला होता आणि ‘घरी बोलून काय ते ठरव’ म्हणून बजावले होते. घरी बोलायचे कोणत्या शब्दांत?

“मॅडम, तुम्ही मराठीच्या. आईंना वाचून कळेल असं एक पान लिहून द्याल?”

आई म्हणजे सासूबाई. वीस वर्षांच्या नोकरीत मी मानपत्रे लिहिली आहेत, निमंत्रणपत्रिका लिहिल्या आहेत, सहकाऱ्यांच्या मुलांची लग्ने जमवणारी पत्रेही लिहिली आहेत. असे काम आजवर कोणी आणले नव्हते. कबूल केले आणि तिच्या परवानगीने डॉक्टरबाईंशी फोनवर सविस्तर बोलून घेतले.

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. ज्या भागाची ही शस्त्रक्रिया, त्याला डॉक्टर ‘व्हेस्टिब्यूल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ घराच्या दारापुढची जागा. म्हणजे आपली ओसरी! मला हायसे वाटले. योनीमार्ग हे घर धरले तर त्याच्या दाराबाहेरची ती ओसरी. आणि दुखते आहे ते ओसरीत, घरात नव्हे. शस्त्रक्रियेत ओसरीची तेवढी दुखरी पट्टी, चंद्रकोरीच्या आकाराची वरवरची त्वचा, काढतात आणि आतले अस्तर थोडे पुढे ओढून त्या जागी शिवतात. इस्पितळात दिवस-दोन दिवस. जखम भरायला सहा-आठ आठवडे. त्या काळात फार बसायचे नाही, ओझे उचलायचे नाही. पुढे मूल होऊ शकते, नेहमीच्या मार्गाने बाळंतपणही होऊ शकते.

हे पान सासूबाईंनी दोनदा वाचले म्हणे. मग विचारले, “म्हणजे पिशवी काढणार नाहीत ना?”

हा प्रश्न मला मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. आपल्याकडे ‘खाली’च्या कोणत्याही तक्रारीचा शेवट पिशवी काढण्यात होतो, हे त्या बाईंनी आयुष्यभर पाहिले असणार. बीड जिल्ह्याचे उदाहरण फार जुने नाही. तिथल्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांतल्या कितीतरी जणींची तक्रार पाठदुखीची, पांढरे जाण्याची, साध्या औषधाने बरी होणारी. एकीकडे आठांनाच डॉक्टर दिसतो, आणि दुसरीकडे डॉक्टर दिसला की सुरीच दिसते. आमच्या बायकांची अवस्था ही अशी. म्हणून कोणी शस्त्रक्रिया म्हटले की घाबरणाऱ्या सासूबाईंना मी नावे ठेवणार नाही.

पिशवीला हात लागणार नाही, हे त्यांना पटले. तरी करावी की न करावी हा प्रश्न शिल्लकच होता, आणि तो सोपा नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलेली पहिली गोष्ट ही की, ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही. जिची वेदना त्या पट्टीपुरती, तीही स्पर्शानेच होणारी, तिला उपयोग होण्याचा संभव. जिला सगळीकडे, दिवसभर, कोणी न शिवता आग होते, तिला बहुधा नाही. जिची शीर दुखावली आहे, जिच्या कातडीवर पांढरे चट्टे आहेत, जिची पाळी गेल्यावर हार्मोनच्या अभावाने कातडी नाजूक झाली आहे, तिचा इलाज निराळा. ‘नेमके कुठे’ या प्रश्नाचे महत्त्व ते हे. उत्तर ‘खाली’ असे देऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट, सुरीच्या आधी बरेच काही करून पाहायचे असते. त्या भागाला साबण, सुगंधी द्रावणे, नायलॉन यांपासून दूर ठेवणे. बधिर करणारे मलम. कधी हार्मोनचे मलम. शिरांची वेदना शमवणारी गोळी, तीही अगदी लहान मात्रेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओटीच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. वर्षानुवर्षे दुखण्याच्या भीतीने हे स्नायू मुठीसारखे आवळून बसलेले असतात, ते सैल करायला शिकवावे लागते. आमच्या मुलीने हे वर्षभर केले. मुंबईच्या फिजिओथेरपिस्टकडे जायचे म्हणजे डहाणूहून येणारी चर्चगेट लोकल बोईसरला पकडायची, आणि जागा मिळाली तरी लाकडासारख्या बाकावर एका अंगाने बसून दोन तास काढायचे. गोळीने तोंडाला कोरड पडे, सकाळी डोळे उघडत नसत. पण फरक पडला. रिक्षात आता बसता येते. बाकीचे मात्र अजून नाही.

(मध्येच एक सांगून टाकते. हल्ली वर्तमानपत्रांत आणि फोनवर ‘लेसरने नवतारुण्य’ अशा जाहिराती दिसतात. अशा उपचारांच्या सुरक्षिततेचा आणि गुणाचा पुरेसा पुरावा नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ सालीच देऊन ठेवला आहे. आमच्या मुलीच्या नणंदेने ती जाहिरात मोठ्या आशेने कापून आणली होती.)

मग शस्त्रक्रियेने गुण येतो का? पुष्कळ जणींना येतो. कॅनडातल्या संशोधकांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशाच वेदनेच्या ७८ स्त्रिया घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाला शस्त्रक्रिया. दुसऱ्याला यंत्राच्या साहाय्याने स्नायू सैल करण्याचे शिक्षण. तिसऱ्याला वेदनेला सामोरे कसे जावे याचे गटात बसून दिलेले मानसोपचार. सहा महिन्यांनी पाहिले तर तिन्ही गटांत वेदना कमी झालेली, पण शस्त्रक्रियेच्या गटात सर्वांत जास्त. अडीच वर्षांनी पुन्हा पाहिले. त्या वेळी कापसाच्या स्पर्शाला शस्त्रक्रियावाल्या पुढे होत्या. संबंधाच्या वेळच्या वेदनेबाबत मात्र मानसोपचारवाल्या त्यांच्या बरोबरीला आल्या होत्या. म्हणजे सुरी वेगाने पोचते, दुसरी वाट सावकाश पोचते, असे म्हणावे काय? इतके सरळ म्हणता येत नाही, कारण या अभ्यासात एक बारीकशी गोष्ट नोंदली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांच्या नावावर शस्त्रक्रियेची चिठ्ठी निघाली, त्यांतल्या सात जणींनी ‘नको’ म्हणून सांगितले. संशोधकांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि या सात जणींमुळे आमचा निष्कर्ष जपून घ्या, असेही बजावले.

त्या सात जणी कोण, त्यांनी का नाही म्हटले, हे त्या निबंधात शोधायला जाऊ नये. पण त्यांना ‘नाही’ म्हणता आले, आणि त्यांचे ‘नाही’ मोजले गेले. आमच्या किती घरांत हे घडेल?

कारण शस्त्रक्रियेचे तोटेही आहेतच. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाका उसवणे. ग्रंथीचे तोंड बंद होऊन गाठ येणे. व्रणच दुखरा होणे. थोड्या जणींना काहीच गुण येत नाही आणि एखादीचे दुखणे वाढतेही. काढलेली कातडी परत लावता येत नाही. शस्त्रक्रियेनंतरही ते स्नायूंचे व्यायाम सुटत नाहीतच. असा हिशेब समोर असताना एका घरात तीन माणसे तीन गोष्टी म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, “होऊन जाऊ दे एकदाचं, म्हणजे पुढचं बघता येईल.” पुढचे म्हणजे नातवंड. आई म्हणाली, “अंगाला सुरी नको लावून घेऊस बाई.” नवरा भला आहे, तो म्हणाला, “मला काही घाई नाही, तू म्हणशील तसं.” हे ऐकून मला बरे वाटले होते. पण ती म्हणाली, “मॅडम, सगळे आपापल्या बाजूनं बोलतात. मी शस्त्रक्रिया केली तर यांच्यासाठी किंवा आईंसाठी केली असं होईल, नाही केली तर आईसाठी नाही केली असं होईल. दुखतं मला.”

असे प्रश्न पूर्वी माणसे कोणाला विचारीत असतील? प्रा. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत आणि वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड व्हायचा तो झालाच. प्रश्न विचारणाऱ्याला लाज आणि उत्तर देणाऱ्याला दंड, अशी ती व्यवस्था होती. दंड आता होत नाही. लाज मात्र पूर्वीच्याच भावाने मिळते.

इस्पितळात संमतीच्या कागदावर ‘पतीची सही’ अशी ओळ असते का, असे तिने मला विचारले. त्याचे उत्तर माझ्यापाशी होते. दिल्लीच्या एका अविवाहित स्त्रीने फक्त तपासणीला संमती दिली होती; ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. समीरा कोहली यांचा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला की, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि रुग्ण सज्ञान व जाणती असता तिच्याऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही. आईची चालत नाही, तिथे सासूची किंवा नवऱ्याची कशी चालेल? निकाल एका वाक्यात मी त्या पानाच्या खाली लिहून दिला. सासूबाईंनी तो वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मग तुझ्या सहीचं तूच बघ.” रागाने म्हणाल्या की कौतुकाने, हे मुलीला सांगता आले नाही.

डॉक्टरबाईंनी तिला एक गोष्ट निक्षून सांगितली आहे. हा कर्करोग नव्हे, हे पसरत नाही, थांबल्याने शस्त्रक्रियेची वेळ निघून जात नाही. कोणत्याही दिवशी ‘हो’ म्हणता येते आणि भूल देण्याच्या आदल्या क्षणापर्यंत ‘नाही’ म्हणता येते. तेव्हा तिने असे ठरवले आहे की आणखी तीन महिने व्यायाम करायचे, गटात बसून घ्यायचे मानसोपचार मुंबईत कुठे मिळतात का ते पाहायचे, आणि संक्रांतीनंतर पुन्हा कापसाची तीच तपासणी करून घ्यायची. आकडे तेच राहिले तर शस्त्रक्रिया. नवरा त्या दिवशी रजा टाकून बरोबर जाणार आहे.

त्या भेटीसाठी तिने वहीत प्रश्न लिहून काढले आहेत. तुम्ही स्वतः ही शस्त्रक्रिया किती वेळा केली आहे? त्यांतल्या किती जणींना गुण आला नाही? कातडी नेमकी कुठून कुठपर्यंत काढणार, ते चित्र काढून दाखवाल का? नंतर दुखले तर कोणाकडे यायचे? बोईसरहून आठवड्याला येणे जमले नाही तर व्यायाम घरी कोण तपासणार? आणि शेवटचा: यांतले काहीच केले नाही आणि आहे तेवढ्यावरच राहिले, तर चालेल का? वही तिने मला शुद्धलेखनासाठी दाखवली. दोन ऱ्हस्वदीर्घ तेवढे चुकले होते.